हाताचे शिक्षण आणि पर्यायांची परीक्षा

भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम तीन खंडांत प्रसिद्ध केला. विषय आपला नसला तरी शिक्षकांनी हे खंड जरूर चाळावेत असे आम्ही सुचवू. विद्यार्थ्याने कोणत्या पायरीपर्यंत पोचायचे, हे त्यात घटकागणिक लिहिले आहे. नुसते माहीत असणे, कसे करतात ते माहीत असणे, करून दाखवणे आणि शेवटी कुणाच्या मदतीशिवाय करणे, अशा ढोबळमानाने चार पायऱ्या. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेल्या पिरॅमिडशी त्यांचे नाते उघड आहे. साधे टाके घालणे, जखम स्वच्छ करून बांधणे ही कामे वरच्या पायरीवरची. आमच्या मते ही मांडणी उत्तम आहे.

ऑगस्ट २०१९ ची तुकडी या अभ्यासक्रमाची पहिली. तिचे पहिले वर्ष पुरे व्हायच्या आत, २५ मार्च २०२० ला, देशभर टाळेबंदी झाली आणि विच्छेदनाची टेबले सुटून मुले घरी पडद्यापुढे बसली. पहिल्या दोन पायऱ्या घरबसल्या चढता येतात. तिसरीला हात लागतो. सुई कातडीत शिरताना जाणवणारा विरोध, गाठ किती आवळावी म्हणजे कडा जुळतील पण रक्तपुरवठा तुटणार नाही, याचा अंदाज बोटांना यावा लागतो आणि चुकले तर टोकणारे कुणी शेजारी असावे लागते. ज्यांनी वर्गात टायट्रेशन करवून घेतले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. चित्रफितीत रंग बदललेला दिसतो, तोटी कधी बंद करायची ते हातात येत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये परिषदेने साथ-व्यवस्थापनाचा एक घटक अभ्यासक्रमाला जोडला. चांगलेच केले. पण तो साथीविषयी शिकवतो. साथीने बुडवलेले हातकाम भरून काढणे हा त्याचा विषय नव्हे. तिकडे रुग्णालयांत नियोजित शस्त्रक्रिया लांबल्या आणि शस्त्रक्रिया शिकायला आलेले निवासी डॉक्टर कोविड वॉर्डांत उभे राहिले. तिथे ते पुष्कळ शिकले, फक्त शस्त्रक्रिया नव्हे.

आमचा खरा आक्षेप पुढच्या दारावर आहे. सर्जन होण्यासाठी एमएसला प्रवेश हवा आणि त्यासाठी नीट-पीजी. १८ एप्रिल २०२१ ची ही परीक्षा ११ सप्टेंबरला झाली. प्रवेशफेरी १२ जानेवारी २०२२ ला सुरू झाली. हा दुसरा विलंब मात्र साथीचा नव्हे, आरक्षणाच्या न्यायालयीन वादाचा. नवी तुकडी न आल्याने आधीच्यांवर कामाचा बोजा पडला आणि डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीतील निवासी डॉक्टर संपावर गेले. एवढी वाट पाहायला लावणारी परीक्षा विचारते काय? बहुपर्यायी प्रश्न, म्हणजे पहिल्या दोनच पायऱ्या. मे २०२१ मध्ये सरकारने शंभर दिवस कोविडसेवा करणाऱ्यांना सरकारी नोकरभरतीत प्राधान्य जाहीर केले, पण एमएसची क्रमवारी परीक्षेच्या गुणांवरच लागली. वॉर्डात राबलेला आणि खोलीत पाठांतर करत बसलेला, दोघे एकाच तराजूत!

अमेरिकेत निराळा पेच पडला. तिथे सर्जरीचे इच्छुक काही आठवडे दुसऱ्या रुग्णालयात काम करतात, म्हणजे तिथल्या सर्जनना त्यांचा हात पाहता येतो. २०२० मध्ये हे जवळपास थांबले, मुलाखती पडद्यावर गेल्या. रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांना तपासायची एक परीक्षा होती, तीही मार्च २०२० मध्ये थांबून जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. हात पाहण्याची सोय असलेली व्यवस्थाही अशी कागदाकडे सरकली.

दीड लाखाहून अधिक उमेदवारांचे हात कोण तपासणार, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सर्वांचे नकोत, एमएसला निवड झालेल्यांचे तपासावेत, रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात. अभ्यासक्रमातली शेवटच्या पायरीची यादी तयारच आहे, आणि टाके घालायला रबराचा तुकडाही चालतो.