किनारी सागरी प्रवाहांचे प्रत्यावर्तन : रूढ कारणमीमांसेची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन भूगोलात सागरी प्रवाह हा घटक प्रामुख्याने नकाशावरील बाणांच्या साहाय्याने शिकविला जातो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) सारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या लेखी तो बाण म्हणजेच प्रवाह असतो. हिंदी महासागराविषयी त्याला एक सुटसुटीत सूत्र मिळते : मोसमी वारे दिशा बदलतात, म्हणून प्रवाहही दिशा बदलतात. सोमाली प्रवाहाच्या बाबतीत हे सूत्र बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र महाराष्ट्र व गोव्याच्या समोरून वाहणाऱ्या प्रवाहाला ते पुरे पडत नाही. प्रवाह माघारी का फिरतो, या प्रश्नाच्या रूढ उत्तराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रत्यावर्तनाचे दोन प्रकार

'प्रत्यावर्तन' ही संज्ञा येथे दोन अर्थांनी वापरली आहे. पहिले स्थलगत प्रत्यावर्तन होय. यात प्रवाह किनारा सोडून आल्या दिशेकडे वळतो. दुसरे कालगत प्रत्यावर्तन होय. यात एकाच ठिकाणचा प्रवाह ऋतुमानानुसार उलट वाहू लागतो. पहिल्याचे ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेजवळील अगुल्हास प्रवाह हे आहे, तर दुसऱ्याचे आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह.

अगुल्हास प्रवाह

हा प्रवाह आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे वाहतो आणि खंड संपल्यावर पूर्वेकडे वळून पुन्हा हिंदी महासागरात शिरतो. 'दक्षिण गोलार्धात पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रवाह डावीकडे वळतो', एवढेच त्याचे कारण सांगितले जाते. हे विधान चूक नसले तरी उत्तर म्हणून अपुरे आहे. कारण डावीकडे ढकलणारा हा प्रभाव किनाऱ्याच्या संपूर्ण लांबीवर कार्य करीत असतो. तेथे समुद्रपातळीच्या उतारामुळे निर्माण होणारा दाब त्याला तोलून धरतो, म्हणून प्रवाह सरळ जातो.

खरा मुद्दा असा की, आफ्रिका सुमारे ३५ अंश दक्षिण अक्षांशावर संपते. परंतु या प्रवाहाला पोसणारी वाऱ्यांची रचना त्याच्याही दक्षिणेपर्यंत पसरलेली आहे. किनाऱ्याचा आधार सुटल्यावरही वेगामुळे पाणी पुढे जाते. जसजसे ते दक्षिणेस सरकते तसतसा पृथ्वीच्या परिवलनाचा प्रभाव वाढतो. त्याची भरपाई म्हणून पाण्याला स्वतःच्या अंगी घड्याळाच्या उलट दिशेची फिरत घ्यावी लागते व प्रवाह पूर्वेकडे वळतो. या वळणाचा फास अधूनमधून तुटतो आणि त्यातून सुटलेली उष्ण पाण्याची वर्तुळे अटलांटिक महासागरात जातात.

भारताचा पश्चिम किनारा

नैऋत्य मोसमी काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. तेव्हाच्या वाऱ्यांचा किनाऱ्याला समांतर घटकही दक्षिणाभिमुख असल्याने येथे रूढ सूत्र टिकून राहते. परंतु हिवाळ्यात, साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, प्रवाह उत्तरेकडे वाहतो. आणि त्या वेळीही किनाऱ्यावरील मंद वारे दक्षिणेकडेच वाहत असतात. म्हणजे हा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध चालतो.

दोना पावला, गोवा येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) सतीश शेट्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ मधील निरीक्षणांच्या आधारे हे १९९१ मध्ये दाखवून दिले. हा प्रवाह दक्षिणेत रुंद व उथळ, तर उत्तरेत अरुंद व खोल आढळला. पुढे गणिती प्रारूपांनी त्याची कारणे स्पष्ट केली. बंगालच्या उपसागरावरील वाऱ्यांमुळे केल्विन तरंग निर्माण होतात. उत्तर गोलार्धात हे तरंग किनारा उजव्या हाताला ठेवून सरकतात. त्यामुळे ते भारताच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेस उतरतात, श्रीलंकेला वळसा घालतात आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेस चढतात. हिवाळ्यात त्यांच्यामुळे किनाऱ्याजवळची समुद्रपातळी उंचावते व प्रवाह उत्तराभिमुख होतो. किनाऱ्यापासून पश्चिमेकडे सुटणाऱ्या रॉसबी तरंगांमुळे लक्षद्वीपजवळ उंच पातळीचे क्षेत्र तयार होते.

अर्थात, या सिद्धांतालाही मर्यादा आहेत. स्थानिक वाऱ्यांचा वाटा, विशेषतः नैऋत्य मोसमी काळात, नाकारता येत नाही. शिवाय गोव्याजवळ समुद्रात नांगरलेल्या यंत्रांच्या नोंदींत काही आठवड्यांच्या अवधीत होणारे चढउतार ऋतुमानानुसार होणाऱ्या बदलापेक्षा मोठे आढळले आहेत. ऋतूगणिक एक बाण काढणे हीदेखील सरासरीच होय, हे विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे.

प्रश्नाचे महत्त्व

हा वाद केवळ पारिभाषिक नाही. हिवाळी प्रवाहाबरोबर बंगालच्या उपसागरातील कमी क्षारतेचे पाणी आग्नेय अरबी समुद्रात येते. ते हलके असल्याने वरच्या थरात राहते, खालच्या पाण्यात सहजी मिसळत नाही आणि मोसमी पावसाच्या आगमनापूर्वी तेथील पृष्ठभाग अतिशय उष्ण होण्यास साहाय्य करते. मोसमी पावसाच्या आगमनाशी या उष्ण क्षेत्राचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. अकोले तालुक्याचा सह्याद्रीलगतचा भाग वगळता आपला बहुतांश जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. ज्या प्रदेशाची शेती पावसाच्या आगमनाकडे डोळे लावून बसते, तेथील विद्यार्थ्याला समुद्राचा हा व्यवहार परका ठेवणे योग्य नव्हे.

निष्कर्ष

वरील दोन्ही उदाहरणांची यंत्रणा वेगळी आहे. एकाला एकाचे नाव देऊन चालणार नाही. तरीही त्यांतून एक समान बोध होतो. प्रवाह जेथे वळतो, केवळ तेथील वाऱ्यात त्याचे कारण सापडत नाही. अगुल्हासच्या बाबतीत ते संपूर्ण महासागरावरील वाऱ्यांच्या रचनेत व खंडाच्या टोकाच्या स्थानात आहे. पश्चिम किनाऱ्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी दुसऱ्याच समुद्रात आहे. वारा हा मूळ प्रेरक आहेच, पण तो कोठला आणि केव्हाचा, हे विचारल्याशिवाय कारणमीमांसा पूर्ण होत नाही. म्हणून अध्यापनात पश्चिम किनाऱ्याचे जुलै व जानेवारी असे दोन नकाशे शेजारी ठेवावेत, त्यांवर प्रवाहाबरोबर वाऱ्याचीही दिशा दाखवावी आणि जानेवारीत दोन्ही बाण परस्परविरुद्ध का, हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर मांडावा. पाठ केलेले सूत्र जेथे अडते, तेथूनच समुद्राच्या अभ्यासाची खरी सुरुवात होते.