प्रतिपिंडांचा आकडा आणि रोपणाचे भाकीत

मूत्रपिंड-रोपणाच्या बातम्या 'रक्तगट जुळला' एवढ्यावर भागवतात. ते पुरेसे नाही. समजा, आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा एक शेतकरी पत्नीला मूत्रपिंड द्यायला तयार आहे आणि रक्तगटही एकच आहे. तरी रोपण अडू शकते. गरोदरपणात गर्भाच्या पेशींवरील, पित्याकडून आलेल्या प्रथिनांविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. तीच पुढे पतीच्या मूत्रपिंडावर तुटून पडतात.

पटेल आणि तेरासाकी यांनी 1969 मध्ये हे आकड्यांनी दाखवले. रुग्णाच्या सीरममध्ये दात्याच्या लिम्फोसाइट पेशी मेल्या तर चाचणी होकारार्थी. अशा 30 रोपणांपैकी 24 मूत्रपिंडे लगेच निकामी झाली. नकारार्थी 195 पैकी फक्त 8. (वर्गात या दोहोंची टक्केवारी जरूर काढायला लावा.) मात्र उरलेली 6 आणि ही 8 विसरू नयेत.

आता प्रतिपिंडे सूक्ष्म मण्यांवर पकडून त्यांची चकाकी मोजतात. अहवालात 'एमएफआय' म्हणून येतो तो हा आकडा. आमचा आक्षेप आहे तो याला प्रतिपिंडांचे प्रमाण समजण्याला. मण्यांवरील जागा भरल्या की आकडा वाढायचा थांबतो. कधी प्रतिपिंडे भरपूर असूनही तो कमी येतो आणि सीरम पातळ केल्यावर चढतो! शिवाय धोक्याची रेषा प्रत्येक प्रयोगशाळेची वेगळी. तेव्हा या दांपत्याने नुसता आकडा विचारून थांबू नये. सीरम पातळ करून पाहिले का, आणि पतीच्या पेशींवरील चाचणी काय म्हणते, हेही विचारावे.