व्याधीचे नाव आणि ग्रंथाची नोंद : आजारविषयक चित्रकथांच्या तालिकीकरणातील एक वाङ्मयीन प्रश्न

एक

ग्रंथालयाच्या तालिकेतील नोंद ही समीक्षेच्या कक्षेत येणारी गोष्ट आहे असे सहसा मानले जात नाही. शीर्षक, कर्ता, प्रकाशनवर्ष, वर्गांक आणि विषयशीर्षक यांची ती एक तांत्रिक मांडणी असते आणि समीक्षेचे कार्य ग्रंथ हाती आल्यानंतर सुरू होते, असा एक अलिखित समज आहे. ग्रंथ हाती येतो कसा, हा प्रश्न मात्र या समजात अनुत्तरितच राहतो. विषयशीर्षक देणारा तालिकाकार ग्रंथ ‘कशाविषयी’ आहे हे ठरवितो. अनेक आशयसूत्रांपैकी एकदोन निवडतो, उरलेली गाळतो. ही निवड म्हणजे अर्थनिर्णयनच होय. समीक्षकाला आपल्या अर्थनिर्णयनाचे समर्थन करावे लागते. तालिकाकाराचे अर्थनिर्णयन दोनचार शब्दांत बांधलेले असते आणि त्याचे समर्थन कोणी मागत नाही, एवढाच काय तो फरक.

जेरार जनेत यांनी १९८७ साली परिसंहितेची जी संकल्पना मांडली, तिच्यात शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर अशा संहितेच्या उंबरठ्यावरील घटकांचा विचार आहे. परंतु जनेत यांच्या दृष्टीने परिसंहितेमागे लेखकाची किंवा त्याच्या सहकाऱ्यांची, म्हणजे मुख्यतः प्रकाशकाची, संमती असावी लागते. ग्रंथालयीन नोंदीला अशी संमती नसते. ती परक्या हाताने लिहिलेली असते, तरीही वाचकाला सर्वप्रथम भेटते. आज जिला मेटाडेटा म्हटले जाते, ती ग्रंथाविषयीची ही माहिती म्हणजे कोणाच्याही संमतीवाचून उभा राहिलेला एक उंबरठाच आहे.

हा प्रश्न ज्या एका वाङ्मयप्रकारात तीव्रतेने जाणवतो, तो म्हणजे आजार आणि आरोग्य यांविषयीच्या चित्रकथांचा. ब्रिटनमधील डॉक्टर आणि चित्रकथाकार इयन विल्यम्स यांनी २००७ साली या क्षेत्राला ‘ग्राफिक मेडिसिन’ असे नाव दिले. २०१५ मध्ये विल्यम्स, एम. के. चेरविक, सुझन स्क्वायर आदी सहा जणांचा ‘ग्राफिक मेडिसिन मॅनिफेस्टो’ प्रसिद्ध झाला आणि या नावाला विद्यापीठीय मान्यता लाभली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानेही या विषयावर फिरते प्रदर्शन भरविले. या चित्रकथांचा वाचक केवळ साहित्याचा अभ्यासक नसतो. ज्याला काल निदान कळले तो रुग्ण, आईची शुश्रूषा करणारी मुलगी, रुग्णाशी कसे बोलावे हे शिकू पाहणारा वैद्यकाचा विद्यार्थी, हेही तिचे वाचक असतात. त्यांना लेखकाचे नाव ठाऊक नसते; ठाऊक असते ते व्याधीचे नाव. नोंदीत ते नाव नसेल तर ग्रंथ त्यांच्यापुरता अस्तित्वातच नसतो. परंतु नोंदीत केवळ तेच नाव असेल तर ग्रंथाचे काय होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

दोन

प्रथम जागेचा प्रश्न. ड्यूई दशांश वर्गीकरणात चित्रकथांसाठी ७४१.५ हा अंक आहे आणि तो कलाविभागातील रेखाटनाखाली येतो. अपस्माराचा अंक ६१६.८५३ आहे. म्हणजे अपस्मारावरील चित्रकथा माध्यमानुसार लावली तर ती विनोदी चित्रमालिकांच्या शेजारी जाते आणि विषयानुसार लावली तर वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत. एकाच ग्रंथाला दोन ग्रंथालये दोन भिन्न जागा देऊ शकतात. मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ तेथे ठेवावे की हृदयरोगाच्या ग्रंथांत, याचे एकच एक उत्तर नाही. कारण त्याचा कर्ता डॉक्टरही आहे आणि रुग्णही.

फळीवरील जागा एकच असते. विषयशीर्षके अनेक देता येतात. त्यामुळे खरा भार त्यांच्यावर पडतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत व्याधीचे नाव आरंभी येते आणि ग्रंथ चित्रकथारूप असल्याची सूचना उपविभाग म्हणून शेवटी जोडली जाते. या रचनेचे व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. व्याधी हे तिच्यात नामपद आहे आणि रूप हे शेपूट. ग्रंथाचा आशय रूपावाचून सिद्ध असतो व रूप त्याला मागाहून चिकटते, असेच जणू ही रचना सांगते. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या अभिन्नतेविषयी मराठी समीक्षेने जी प्रदीर्घ चर्चा केली, तिचा मागमूसही येथे नाही.

त्यात चित्रकथेची आणखी एक अडचण आहे. गद्य ग्रंथाचे शब्द यंत्राला शोधता येतात. चित्र त्याबाबतीत मुके असते. पानावर वेदना रेषेने काढली असेल आणि तिचा उच्चार कोठेही शब्दांत नसेल, तर शोधणाऱ्याला ती सापडत नाही. जॉन वॉल्श यांनी विकसित केलेल्या ‘कॉमिक बुक मार्कअप लँग्वेज’ या पद्धतीने चौकटी, फुगे आणि पात्रे यांची संहितेच्या अंतर्भागातच नोंद करता येते. परंतु तेथेही चित्रात काय आहे हे कोणीतरी शब्दांत सांगावेच लागते. चित्राचे शब्दांत केलेले वर्णन ही अलंकारशास्त्राइतकी जुनी कृती आहे आणि ती कधीच निरपेक्ष नसते.

तीन

तीन कृतींच्या आधारे हा पेच अधिक स्पष्ट करता येईल.

दाव्हिद बे. यांची फ्रेंच चित्रकथा १९९६ ते २००३ या काळात सहा भागांत प्रसिद्ध झाली. तिच्या मूळ शीर्षकाचा अर्थ ‘उच्च व्याधीचे आरोहण’ असा करता येईल. ‘ओ माल’, म्हणजे ‘उच्च व्याधी’, हे अपस्माराचे जुने फ्रेंच नाव. आणि ‘माल’ या शब्दात रोग व अनिष्ट हे दोन्ही अर्थ नांदतात. लेखकाच्या थोरल्या भावाला अपस्मार होतो, आईवडील उपचारांच्या शोधात पंथांमागून पंथ आणि आश्रमवजा वसाहती पालथ्या घालतात, आणि व्याधी एका लांबलचक सर्पाकृती राक्षसाच्या रूपाने पानापानांतून सरपटत राहते. मूळ शीर्षकात चढण आहे, कुटुंबाचा प्रवास आहे, अरिष्ट आहे. २००५ मध्ये संपूर्ण इंग्रजी आवृत्ती निघाली तिचे शीर्षक मात्र ‘एपिलेप्टिक’, म्हणजे ‘अपस्माररुग्ण’. व्याधीचे रूपक जाऊन तेथे व्यक्तीवरचा शिक्का आला. शोधण्याच्या दृष्टीने इंग्रजी शीर्षक सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु ज्याच्यावर शिक्का बसला तो भाऊ या ग्रंथाचा कर्ता नाही. कर्ता त्याचा धाकटा भाऊ आहे. ग्रंथ जितका व्याधीविषयी आहे तितकाच व्याधीशेजारी वाढलेल्या मुलाच्या कल्पनाशक्तीविषयी आहे. ‘अपस्मार’ एवढेच विषयशीर्षक या अंगाला दार उघडीत नाही.

दुसरी कृती जस्टिन ग्रीन यांची, १९७२ मधील ‘बिंकी ब्राउन मीट्स द होली व्हर्जिन मेरी’. आत्मचरित्रात्मक चित्रकथेचा आरंभ म्हणून ती ओळखली जाते. धार्मिक अपराधभावाने पछाडलेला एक मुलगा तिच्या केंद्रस्थानी आहे. हे पछाडलेपण म्हणजे भावातिरेकी-अनिवार्यता विकृती होय, हे लेखकाला पुढे कळले. कृती रचताना त्याच्यापाशी ते निदान नव्हते. आज तालिकाकाराने ते विषयशीर्षक दिले तर समदुःखी वाचकाला कृती सापडेल, हे खरे. परंतु ज्या कृतीचे सारे सामर्थ्य नाव नसलेल्या यातनेला नाव शोधण्याच्या धडपडीत आहे, तिचे उत्तर मुखपृष्ठ उघडण्यापूर्वीच वाचकाच्या हाती पडेल. पाप आणि रोग यांच्यातील ज्या संदिग्धतेवर कृती उभी आहे, ती नोंदीने निकालात निघेल.

तिसरी कृती ‘अवर कॅन्सर इयर’, १९९४ मधील. हार्वी पीकार यांचा लसिकाग्रंथींचा कर्करोग हा तिचा विषय आहे. परंतु तिच्या कर्त्यांत त्यांच्या पत्नी जॉइस ब्रॅबनर यांचेही नाव आहे आणि चित्रे फ्रँक स्टॅक यांची आहेत. घर खरेदीची धांदल, आखाती युद्धाची छाया, ब्रॅबनर यांचे शांततेसाठीचे काम हे सारे तिच्यात आजाराबरोबर चालते. आजार आयुष्याबाहेर, स्वतंत्र प्रकरण म्हणून घडत नाही, हेच ही कृती सांगते. येथे शुश्रूषा करणारी व्यक्ती ‘विषय’ नसून सहनिवेदक आहे. कर्करोगाखालील नोंदीत हा दुहेरी आवाज कोठेच उमटत नाही.

सुझन सोन्टाग यांनी १९७८ साली आजाराला रूपकांच्या ओझ्यातून मुक्त करण्याची मागणी केली होती. या कृती मात्र रूपकाच्याच वाटेने आजारापर्यंत पोहोचतात. त्यातली रूपके रुग्णावर लादलेली नसून भोगणाऱ्याने वा त्याच्या निकटवर्तीयाने घडविलेली आहेत. वैद्यकीय संज्ञा हे येथे रूपकाला पर्याय नसून आणखी एक नामकरण आहे.

चार

यावरून व्याधीचे नाव नोंदीतून वगळावे असा निष्कर्ष काढणे म्हणजे वाचकाचा द्रोह ठरेल. रूपकाचे सौंदर्य अबाधित राखण्यासाठी एखाद्या रुग्णाला त्याचा ग्रंथ न मिळू देणे, ही समीक्षेला न शोभणारी निष्ठुरता होय. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचक आणि ग्रंथ यांची परस्परांशी गाठ घालून देणे हे मध्यवर्ती कर्तव्य मानले आहे.

मार्गही रंगनाथन यांच्याच विचारात आहे. १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात त्यांनी विषयाला एका पेटीत न कोंबता त्याचे पैलू पाडले आणि ते पैलू पुन्हा जोडण्याची रीत दिली. वैद्यकाच्या वर्गात अवयव, व्याधी, उपचार असे पैलू स्वतंत्रपणे मांडता येतात. आजारकथेसाठी त्यांत आणखी पैलू हवेत : कोण बोलतो, रुग्ण, नातलग, परिचारिका की डॉक्टर, आजाराच्या कोणत्या टप्प्यावरून बोलतो, आणि व्याधीचे नाव संहितेत उच्चारलेले आहे की बाहेरून दिलेले. चेरविक यांच्या २०१७ मधील ‘टेकिंग टर्न्स’मध्ये शिकागोतील एड्स कक्षातील परिचारिकेचा आवाज आहे. विल्यम्स यांच्या २०१४ मधील ‘द बॅड डॉक्टर’चा नायक डॉक्टर असून स्वतःच अनिवार्य विचारांनी ग्रस्त आहे. आवाजाचा पैलू नोंदला तर या दोन कृती आणि दाव्हिद बे. यांची कृती यांतील भेद नोंदीतच दिसू लागतो.

यासाठी नवे यंत्र उभारण्याची गरज नाही. मार्क या प्रचलित नोंदपद्धतीत विषयासाठी ६५०, प्रकारासाठी ६५५, अभिप्रेत वाचकवर्गासाठी ३८५ आणि कर्त्याच्या गटासाठी ३८६ अशी क्षेत्रे आहेत. अडचण क्षेत्रांची नाही. ती भरणाऱ्याच्या वाचनाची आहे. एक पथ्य मात्र पाळावे लागेल. कर्त्याला ‘रुग्ण’ म्हणायचे ते त्याने स्वतः तसे म्हटले असेल तरच. निदान करण्याचा अधिकार तालिकाकाराला नाही. आणि खरे पाहता समीक्षकालाही नाही.

पाच

मराठीत हा प्रश्न उद्या उभा राहील तेव्हा त्याला भाषेचे आणखी एक अंग असेल. परिभाषेने ‘अपस्मार’ हा शब्द दिला. घराघरांत ‘फेफरे’, ‘आकडी’, ‘फिट’ हे शब्द चालतात. शोधणारा फेफरे शोधतो आणि तालिका अपस्मार सांगते. ‘पाहा’ एवढ्या एका शब्दाच्या जोडनोंदीने हे अंतर बुजविता येते. पण त्यासाठी बोलीतील शब्द हाही ज्ञानाचा धारक आहे हे आधी मान्य करावे लागते. ‘फेफरे’ या शब्दात भीती आणि कलंक आहे, तसा शतकांचा अनुभवही आहे. आजारकथा बहुधा याच शब्दांच्या बाजूने उभी असते.

तालिकेची नोंद ही ग्रंथाची पहिली समीक्षा असते, आणि बहुसंख्य ग्रंथांच्या वाट्याला तेवढीच येते. ती व्याधीच्या नावाशी थांबली तर वाचकाला रोगाची माहिती मिळेल. त्या रोगासह जगलेल्या माणसाचा आवाज मात्र फळीवरच राहील.