मॅलॅसेझिया किण्वाचा अर्क आणि त्वचेतील प्रतिकारपेशी : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक चिकित्सक समीक्षा

बीजसंज्ञा : किण्व, अर्क, मास्ट पेशी, शिबे, स्टेरॉइड

प्रस्तावना :
मानवी त्वचेवर कायम वस्ती करणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये मॅलॅसेझिया या किण्वाचे, म्हणजेच यीस्टचे, स्थान महत्त्वाचे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी १८७४ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १८८९ मध्ये त्यांच्याच नावावरून त्याचे नामकरण झाले. हे किण्व स्वतः मेदाम्ले तयार करू शकत नाही. ते त्वचेतील तेलावर जगते. नारायणगाव परिसरात यीस्ट म्हटले की द्राक्षे आणि वाइन आठवते. प्रत्येकाच्या पाठीवर नांदणारे हे यीस्ट मात्र निराळे आहे. उष्ण, दमट हवेत व घामेजलेल्या अंगावर त्याची वाढ बेसुमार झाली की जे फिकट किंवा तपकिरी डाग उमटतात, त्यांना मराठीत ‘शिबे’ म्हणतात. भीमाशंकरच्या उतारावरील भातखाचरांत ओल्या कपड्यांनी लावणी करणाऱ्यांना आणि मंचरकडे उन्हात टोमॅटोची तोडणी करणाऱ्यांना या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही.

अर्कावरील संशोधनाचे स्वरूप :
त्वचेतील प्रतिकारपेशी या किण्वाला कसा प्रतिसाद देतात, यावरील बरेचसे संशोधन किण्वाच्या अर्कावर आधारलेले आहे. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील शेनियस व त्यांच्या सहकाऱ्यांचे कार्य या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. २००९ मध्ये त्यांनी उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढविलेल्या मास्ट पेशींना मॅलॅसेझिया सिम्पोडियालिसचा अर्क दिला, तेव्हा या पेशींनी दाह निर्माण करणारी ल्यूकोट्राइन द्रव्ये सोडली. २०११ मध्ये अॅटोपिक इसबाच्या रुग्णांपासून मिळविलेल्या मास्ट पेशींत दाहद्रव्यांचा साठा अधिक आणि किण्वाच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकन ओळखणारा डेक्टिन-१ हा ग्राहक उणा आढळला. हे निष्कर्ष काटेकोर आहेत, याविषयी शंका नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या विस्ताराला.

अर्क तयार करताना किण्व फोडले जाते. जी द्रव्ये जिवंत पेशीत आत किंवा आवरणाखाली दडलेली असतात, ती प्रतिकारपेशींसमोर एकदम उघडी पडतात. लीड्स विद्यापीठातील केसवन आदींनी १९९८ ते २००० या काळात दाखविले की अखंड मॅलॅसेझियाच्या संपर्कात रक्तातील पांढऱ्या पेशींचे दाहकारक संदेशद्रव्यांचे उत्पादन उलट मंदावते. किण्वावरील मेदाचे आवरण काढून टाकले की हा परिणाम नाहीसा होतो. म्हणजे एकच जीव, परंतु आवरणासह शांतविणारा आणि आवरणाविना चेतविणारा! या निष्कर्षाकडे अर्कावरील लेखनाने द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. शिवाय ‘अर्क’ ही एक निश्चित वस्तूही नव्हे. खुद्द कॅरोलिन्स्का गटानेच २००६ मध्ये दाखविले की वाढीच्या माध्यमाचा सामू इसबाच्या त्वचेइतका वाढविला असता हे किण्व अधिक अॅलर्जीजनके बाहेर टाकते. किण्व कोणत्या स्थितीत वाढविले, यावर अर्काचे गुणधर्म ठरतात.

झुरिच येथील संशोधकांनी २०१९ मध्ये उंदराच्या कानाच्या त्वचेवर जिवंत किण्व लावून केलेले प्रयोग म्हणूनच अधिक विश्वसनीय वाटतात. त्यांत इंटरल्यूकिन-१७ चा प्रतिसाद किण्वाची वाढ रोखणारा ठरला. त्वचेचा अडसर भंगलेला असताना मात्र तोच प्रतिसाद दाह वाढविणारा ठरला. संरक्षण आणि अपाय यांतील हा भेद परीक्षानळीतील पेशी दाखवू शकत नाहीत.

स्थानिक संदर्भ :
शिब्यांत किण्वाचे तंतू विपुल असूनही दाह अत्यल्प असतो. अर्कावरील संशोधनावरून अपेक्षा याच्या नेमकी उलट बांधावी लागेल. इसबाच्या रुग्णांविषयीचे अनुमान जुन्नर-आंबेगावच्या रुग्णाला तसेच लावले, की ‘अॅलर्जी’ हे निदान आणि पाठोपाठ स्टेरॉइड मिश्रित मलम येते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखली असली, तरी घरात उरलेली नळी शेजारी जातेच. स्टेरॉइड ज्या प्रतिकारपेशींना दाबते, त्याच पेशी किण्वाला आवर घालत असतात.

दुसरा धोका शब्दातच दडलेला आहे. ‘शिबे’ हा शब्द संस्कृत ‘सिध्म’ शब्दाशी जोडला जातो, आणि चरकाने सिध्माची गणना महाकुष्ठांत केली आहे. सुश्रुताने मात्र ती क्षुद्रकुष्ठांत केली, हे विशेष. आजही फिकट डाग दिसताच कुष्ठरोगाची शंका घेतली जाते. प्रत्यक्षात कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना सहसा कमी झालेली असते, शिब्यावर ती शाबूत असते. शिब्याची खपली खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर आखूड तंतू आणि गोल किण्वपेशींचे पुंजके स्पष्ट दिसतात. तेवढी सामग्री कोणत्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात असते.

उपचाराने किण्व नष्ट झाल्यावरही फिकटपणा काही महिने राहतो, कारण रंगद्रव्य पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. औषध लागू पडले नाही असे समजून रुग्ण याच टप्प्यावर दुसऱ्या मलमाकडे वळतो. डागाच्या या उत्तरार्धाविषयी अर्कावरील संशोधन जवळपास मौन आहे.