‘जेन एअर’मधली सती आणि आपली यमू

तुमचंही असं एखादं पुस्तक असेल, जे दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हातात येतं. माझं म्हणजे शार्लट ब्राँटीचं ‘जेन एअर’ (1847). दहावीच्या सुट्टीत महागावच्या घरी डिक्शनरी मांडीवर घेऊन पहिल्यांदा वाचलं. आता पीएच.डी.साठी वाचते, तर आई विचारते, “अजून तेच पुस्तक वाचून राह्यली का गं?” हो, तेच. फक्त आता अडखळते दुसऱ्याच जागी.

तेव्हा भावलं ते जेनचं बाणेदारपण. अनाथ, गरीब, दिसायला साधी मुलगी मालकाला तोंडावर सुनावते की मी तुमच्या बरोबरीची आहे. त्या वयात आणखी काय हवं?

पण एक जागा तेव्हा निसटली होती. लग्नाआधी रॉचेस्टर एक गाणं म्हणतो, त्यातली प्रेयसी त्याच्यासोबत मरायलाही तयार असते. जेन म्हणते, माझी वेळ येईल तेव्हा मी मरेन. सतीसारखी घाई मला नको. वाक्य झकास आहे. पण त्यात आपल्याकडची बाई आली ती उपमेपुरती. जेन स्वतंत्र दिसावी म्हणून ती तिथं मुकाट जळते. जमैकाहून आणून माडीवर कोंडलेल्या बर्थाबद्दल गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 1985 च्या लेखात असंच काही दाखवलंय: जेन नायिका व्हावी म्हणून बर्थाला मरावं लागतं.

मग उपमेतली बाई स्वतः बोलली तर? माझ्या प्रबंधाचा प्रश्न तोच. म्हणून मी ‘जेन एअर’शेजारी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ठेवते. ती 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. दोन्हीकडे नायिकाच ‘मी’ म्हणून गोष्ट सांगते. जेन वीस शिलिंग घेऊन पहाटे घर सोडू शकते. विधवा यमूचं मात्र जबरदस्तीनं केशवपन होतं. चिता टळली, पण जगणं कुठं मिळालं? जेनच्या एका वाक्यामागं केवढं राहून गेलं होतं, ते यमूला वाचताना कळतं.

पेच इथंही आहेच. ब्राँटीनं करर बेल हे टोपणनाव घेऊन आपलं बाईपण झाकलं, आणि यमूचा आवाज लिहिला तो एका पुरुषानं.

मग जेनवरचं प्रेम आटलं का? नाही. फक्त आता तिचं सगळंच खरं मानत नाही. जुन्या मैत्रिणीचं तरी कुठं मानतो आपण? पुढच्या वेळी ‘जेन एअर’ उघडाल, तेव्हा त्या वाक्यापाशी थांबा, आणि मग यमूकडं या.