धान्याची हमी आणि पोषणाची उपेक्षा : भारतातील भूकनिर्मूलनाच्या राष्ट्रीय प्रयत्नांची चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. घटनाकारांनी येथे ‘पोषण’ हा शब्द योजला. ‘धान्य’ हा नव्हे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची स्मृती ताजी असताना केलेली ही शब्दयोजना लक्षणीय आहे. परंतु त्यानंतरच्या काळात देशाने भुकेविरुद्ध जे प्रयत्न केले, त्यांचे मोजमाप प्रामुख्याने धान्याच्या वजनात होत राहिले. परिणामी देशाची गोदामे भरली, दुष्काळातील सामूहिक मृत्यू थांबले आणि तरीही पाच वर्षांखालील दर तीन बालकांपैकी एक वयाच्या मानाने खुजे राहिले. या विसंगतीची कारणे धोरणाच्या रचनेत शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उष्मांकाची चौकट

भुकेचे मोजमाप कसे करावे, या प्रश्नावरील भारतातील महत्त्वाची चर्चा पुण्यात घडली. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दरडोई दररोज २२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च हा दारिद्र्याचा निकष धरला होता. पुढे नियोजन आयोगाने १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २४०० व शहरी भागासाठी २१०० उष्मांकांचा निकष स्वीकारला. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या दृष्टीला आव्हान दिले. शरीराची गरज स्थिर नसते, ती एका मर्यादेत बदलते. शिवाय खाल्लेले अन्न अंगी लागण्यासाठी शुद्ध पाणी व स्वच्छता तितकीच आवश्यक असते, अशी त्यांची भूमिका होती. शरीर कमी आहाराशी जुळवून घेते, या त्यांच्या मताचा आधार घेऊन गरिबांची उपासमार कमी लेखली जाण्याचा धोका होता आणि त्यावरील टीका रास्तच होती. मात्र पाणी व स्वच्छतेविषयीचा त्यांचा इशारा धोरणात मागे पडला, ही त्या वादाची खरी हानी होय.

उष्मांकाचा निकष प्रशासनाला सोयीचा होता. उष्मांक देणारा सर्वांत स्वस्त, साठविण्यास व वाहून नेण्यास सुलभ पदार्थ म्हणजे गहू आणि तांदूळ. १९६५ मध्ये स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ, हमीभावाने होणारी खरेदी आणि स्वस्त धान्य दुकानांचे जाळे यांच्यामुळे भुकेचा प्रश्न खरेदी, साठवण व वितरण या तीन शब्दांत बसविता आला. डाळी, तेलबिया आणि ज्वारी-नाचणीसारखी भरड धान्ये या व्यवस्थेच्या कडेला राहिली.

हक्काची भाषा

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात असे दाखवून दिले, की अन्नाच्या तुटवड्यापेक्षा अन्नावरील हक्क गमावल्यामुळे माणसे उपाशी मरतात. २००१ मध्ये भारतात याचा प्रत्यय आला. सरकारी गोदामे ओसंडून वाहत असताना राजस्थानात उपासमार होत होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने अन्नविषयक योजनांना कायदेशीर हक्काचे स्वरूप आले आणि शाळांतून किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेला शिजविलेला आहार देणे राज्यांना बंधनकारक झाले. या प्रक्रियेची परिणती राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ मध्ये झाली.

हा कायदा केवळ धान्याचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यात तीन वचने आहेत. ग्रामीण भागातील ७५ टक्के व शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत स्वस्त धान्य. बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना अंगणवाडी व शाळेमार्फत आहार. आणि गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपयांचे मातृत्व साहाय्य. कायद्याची कसोटी या तिन्ही वचनांची पुढे काय गत झाली, यावरून लागते.

तीन वचनांची वाटचाल

पहिले वचन मोठ्या प्रमाणावर पाळले गेले. दरमहा माणशी ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो, ही तरतूद टिकली. एप्रिल २०२० पासून महासाथीच्या काळात जादा धान्य मोफत देण्यात आले आणि जानेवारी २०२३ पासून कायद्यानुसार मिळणारे धान्यही विनामूल्य झाले. टाळेबंदीत मजुरी बुडालेल्या असंख्य घरांची चूल या धान्यावर पेटली. शिधावाटप म्हणजे निव्वळ उधळपट्टी, हा आक्षेप या अनुभवासमोर टिकत नाही. तथापि लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवर ठरविल्यामुळे नंतर वाढलेल्या लोकसंख्येतील अनेक पात्र कुटुंबे शिधापत्रिकेबाहेर राहिली, हा दोष नोंदवावाच लागतो.

दुसऱ्या वचनाची स्थिती वेगळी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभर पोहोचली. पण अंगणवाडीतील पूरक आहारासाठी २०१७ मध्ये ठरविलेला दर प्रतिबालक प्रतिदिन ८ रुपये होता. एक अंडे ज्या रकमेत जेमतेम बसते, त्या रकमेत बालकाच्या वाढीची हमी देण्याची ही अपेक्षा होती. महाराष्ट्रात २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी थांबविण्यात आला आणि शाळांना लोकसहभागाकडे बोट दाखविण्यात आले. तांदळाबाबत असा निर्णय कल्पनेतही येत नाही. हा फरकच धोरणाचा अग्रक्रम सांगून जातो.

तिसरे वचन तर उघडपणे आक्रसले. कायद्यातील सहा हजार रुपयांऐवजी २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पाच हजार रुपये, तेही पहिल्या अपत्यापुरते, देण्यात आले. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास साहाय्य मिळू लागले. म्हणजे दुसऱ्या खेपेस मुलगा झालेल्या मातेचे कुपोषण शासनाच्या लेखी उरले नाही. वस्तुतः बालकाच्या वाढीचा पाया गर्भावस्थेपासून दोन वर्षे वयापर्यंतच्या एक हजार दिवसांत घातला जातो. त्या काळात शेतात वा वीटभट्टीवर राबणाऱ्या स्त्रीला विश्रांती मिळवून देणारे साधन हे एकच होते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४८ टक्के, २०१५-१६ मध्ये ३८.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्के होते. घट खरी आहे, पण तिचा वेग मंदावला. पोषण अभियानाने २०१८ मध्ये हे प्रमाण २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण तर १९.८ टक्क्यांवरून १९.३ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास जागच्या जागीच राहिले. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षय २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात ५३.१ वरून ५७ टक्क्यांवर गेला. सर्वांत बोलका आकडा ६ ते २३ महिन्यांच्या बालकांचा आहे : त्यांपैकी केवळ ११.३ टक्के बालकांना किमान स्वीकारार्ह आहार मिळत होता. या वयाच्या बालकाचा प्रश्न माणशी पाच किलो तांदळाने सुटत नाही.

महाराष्ट्राचा धडा

१९९२-९३ मध्ये वावर-वांगणी आणि मेळघाट येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर केवळ आहारवाटपावर विसंबणे पुरेसे नाही, याची जाणीव झाली. २००५ मध्ये औरंगाबाद विभागात सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने आरोग्य व महिला-बालविकास खात्यांचा मेळ घातला, रिक्त पदे भरण्यावर भर दिला आणि पहिल्या हजार दिवसांवर लक्ष केंद्रित केले. राज्यात दोन वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२ च्या स्वतंत्र सर्वेक्षणात ते सुमारे २४ टक्के आढळले. या घटीचे श्रेय एकट्या मिशनला देता येणार नाही. तरीही दिशा योग्य होती, हे नाकारता येत नाही.

पुढे मात्र ही गती टिकली नाही. पाच वर्षांखालील बालकांतील खुजेपणा राज्यात २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होता, तो २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के झाला. नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली. अशा भागांतील कुटुंबे पावसाळा संपताच ऊसतोडीला किंवा वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते. अंगणवाडीचा वाढीचा तक्ता मात्र बहुधा गावातच राहतो. धान्य माणसामागे जाऊ शकले, पोषणसेवा जाऊ शकली नाही.

समारोप

भारताने भुकेविरुद्धची अर्धी लढाई जिंकली आहे आणि त्या विजयाला कमी लेखण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्या अर्ध्या विजयालाच पूर्ण मानण्याच्या वृत्तीवर. शिधावाटप टिकवून त्यात डाळ, तेल व भरड धान्ये यांना स्थान देणे, अंगणवाडीच्या आहाराचा दर महागाईशी जोडणे, प्रत्येक गरोदर स्त्रीला अपत्यक्रमाची अट न घालता मातृत्व साहाय्य देणे आणि स्थलांतरित बालकाची नोंद त्याच्याबरोबर नेणे, या चार गोष्टींसाठी नव्या घोषणेची आवश्यकता नाही. बहुतेकांचा आधार असलेल्या कायद्यात व घटनेत आधीच आहे. किती टन धान्य उचलले गेले, या प्रश्नाऐवजी दोन वर्षांच्या बालकाची उंची किती वाढली, हा प्रश्न ज्या दिवशी शासकीय आढावा बैठकीत प्रथम विचारला जाईल, त्या दिवसापासून अनुच्छेद ४७ मधील ‘पोषण’ या शब्दाची अंमलबजावणी सुरू झाली, असे म्हणता येईल.