माग काढण्याचा परवाना

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकमेकांना गोष्ट सांगत खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिकांत मांडला. योद्धा, जादूगार आणि धर्मसेवक असे पात्रांचे तीनच वर्ग. सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकले की थोड्या वेळात पात्र तयार. आज पात्र घडवणं हाच निराळा खेळ झाला आहे आणि तो घरी एकट्यानेही तासन्‌तास चालतो.

नियमांची सूज लवकरच दिसू लागली. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर हा वर्ग आला आणि भिंत चढण्या-कुलूप उघडण्यातल्या यशाचे टक्के ठरले. तोवर भिंत कुणीही चढून पाहत असे. टक्के चोराच्या नावावर लागले तसे बाकीचे मागे सरले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘फीट’ नावाच्या खास कसबांनी हेच सर्रास केलं. तिथे ‘ट्रॅक’ हे माग काढण्याचं फीट नसेल तर सोप्या मागापुढे जाता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलालगत, पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, वाढलेल्या कोलाम तरुणाचं पात्र कुणी घेतलं, वाघाचे ठसे तो लहानपणापासून ओळखतो असं सांगितलं, तरी भागत नाही. कागदावर फीट हवं. पर्याय वाढले, पण पूर्वी नुसतं सांगून जमत होतं त्याला आता परवाना लागू लागला.

यामागे धंदाही आहे. एका टेबलावर खेळ चालवणारा एक आणि खेळणारे चार-पाच, त्यामुळे खेळाडूंसाठीची पुस्तकं जास्त खपतात आणि त्यांत नवे पर्याय घालावेच लागतात. तरी नियमांची बाजूही खरी आहे. बोलण्यात मागे पडणाऱ्या खेळाडूला लिखित नियमच खेळ चालवणाऱ्याच्या लहरीपासून वाचवतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने दोन्ही बाजूंचं भान ठेवलं होतं: बारीकसारीक बेरीज-वजाबाकी कमी केली, फीट ऐच्छिक ठेवली. २०२४ च्या सुधारित पुस्तकात मात्र प्रत्येक पात्राला पहिल्याच पातळीवर एक फीट मिळतंच.

मराठीत हा खेळ आणायचा तर वाट मोकळी आहे. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय देऊन कुणीही त्याचं भाषांतर करू शकतो. त्यात बारा वर्ग आहेत, पण फीट एकच. तरीही तो चारशेच्या आसपास पानांचा आहे, म्हणून भाषांतराआधी छाटणी हवी. लढाई, जखम, जादू, जिथे पात्राचा जीव पणाला लागतो, तिथले नियम नेमके असावेत. उरलेल्या प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारावा: हा नसता तर टेबलावरच्या माणसांना बोलून निर्णय करता आला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो गाळावा.